मत्स्यालयाला भोक पाडताना

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

काचेच्या टाकीला आपल्या हातानं भोक पाडायचं, असं मी पहिल्यांदा घरात बोललो तेव्हा सौभाग्यवतींनी शांतपणे विचारलं, "मग पाणी कुठं ठेवणार?" प्रश्न रास्त होता. टाकी असते ती पाणी धरून ठेवायला. तिला भोक पाडायला निघालेला माणूस जरा तपासूनच घ्यायला हवा. पण पावसाळ्यात वीज सारखी येत-जात राहते अशा आमच्या गावात घर कोरडं ठेवायचं असेल, तर हे भोकच उपयोगी पडतं. एवढी एक गोष्ट कळायला मला घरातला एक पूर आणि एक फुटलेली काच खर्ची घालावी लागली.

मी कर्जतचा, उल्हास नदीपलीकडच्या दहिवलीचा. तीस वर्षं खोपोलीतल्या एका कारखान्यात मेन्टेनन्स खात्यात काढली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली ही माझी रोजची जपमाळ. माशांचं वेड मात्र लहानपणचं. १९५१ साली मुंबईत चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं, ते वडिलांनी एकदा नेऊन दाखवलं होतं. त्या अंधाऱ्या दालनातल्या उजळलेल्या काचा मी विसरलो नाही. पगार बरा झाल्यावर घरात चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी आली. काठोकाठ भरली तर तिच्यात अडीचशे लिटरहून थोडं अधिक पाणी मावतं.

आता भोकाची गरज कुठं येते ते बघा. मासा जिथं राहतो तिथंच विष्ठा टाकतो. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो माशाला मारक असतो. काही जिवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. या जिवाणूंना राहायला स्पंज, विटेचे तुकडे, असलं काहीतरी लागतं आणि त्यातून पाणी सतत वाहतं लागतं. टाकीत डबा लटकवून हे साधता येतं, पण मोठ्या टाकीला ते पुरत नाही. मग स्टँडच्या पोटात दुसरी टाकी ठेवायची, तिच्यात हा सगळा संसार मांडायचा आणि पंपानं पाणी वर पाठवायचं. पाणी वर चढवायला पंप असतो. ते खाली कसं उतरवायचं, हा प्रश्न उरतो. सगळी गोम तिथंच आहे.

भोक नको म्हणणारे लोक वक्रनळी वापरतात. रेशनच्या दुकानात पिंपातून रॉकेल काढताना नळी तोंडानं ओढून खाली सोडायचे, ते अनेकांनी पाहिलं असेल. तीच ही युक्ती. टाकीच्या काठावरून उलट्या यूच्या आकाराची नळी घालायची. नळी पाण्यानं भरलेली असेल तोवर पाणी काठ ओलांडून खाली येत राहतं. मीही तेच केलं होतं. छान चाललं होतं. पण नळीच्या वरच्या बाकात हवेचे बारीक बुडबुडे साठत जातात. पंप चालू असताना वाहत्या पाण्याबरोबर ते निघून जातात. वीज गेली, प्रवाह थांबला, की बुडबुडे तिथंच ठाण मांडतात. वीज परत आली की पंप इमानदारीनं पाणी वर फेकू लागतो आणि नळी मात्र हवा धरून गप्प बसते.

२००७ च्या जुलैत नेमकं हे झालं, रात्री दोनच्या सुमारास. ती वर्षं भारनियमनाची होती आणि वर पाऊस. संध्याकाळपासून वीज चारदा गेली होती. पाचव्यांदा आली तेव्हा आम्ही झोपेत होतो. पंपानं खालच्या टाकीतलं साठ लिटर पाणी वर चढवलं. वर जागा होती ती फक्त चौदा-पंधरा लिटरची. उरलेलं पंचेचाळीस लिटर, म्हणजे तीन बादल्या पाणी, हॉलमध्ये पसरलं. मुलगी बारावीला होती, तिच्या वह्या खालच्या फळीवर. पंप कोरडा फिरून जळला. त्या वासानं जाग आली. काठोकाठ भरलेल्या टाकीतून एक गोल्डफिश बाहेर पडला होता, तो सकाळी कपाटाखाली सापडला. पंप बंद पडल्यानं खालचा स्पंजही कोरडा झाला आणि पुढच्या दोन दिवसांत आणखी तीन मासे गेले. वह्या पंख्याखाली वाळत घातल्या होत्या. मुलगी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

इथं एक गोष्ट मनात आल्यावाचून राहत नाही. खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. आमच्या कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्र १९२२ चं. घाटावरच्या तलावांचं पाणी आमच्या डोक्यावरून पाइपांतून खाली येतं, वीज करतं आणि ती वीज शंभराहून अधिक वर्षं मुंबईला जाते आहे. आम्ही पाइपाच्या पायथ्याशी मेणबत्ती शोधत बसतो. भारनियमनाचे ते दिवस गेले. पण पहिल्या वळवाच्या पावसात झाडाची फांदी तारेवर पडायची ती अजून पडतेच.

असो. भोकाचा फायदा असा, की त्याला काही सुरू करावं लागत नाही आणि ते विसरतही नाही. टाकीच्या मागच्या काचेला, काठाच्या थोडं खाली भोक असेल, तर पाणी भोकाच्या खालच्या ओठापर्यंत आलं की वाहू लागतं. पंप थांबला की पाणी त्या ओठाशी येऊन थांबतं. पंप पुन्हा चालू झाला की पुन्हा वाहतं. यात हवा अडकण्याचा प्रश्न नाही, की कुणी जागं असण्याची गरज नाही. आपल्या विहिरीच्या मोटेच्या थारोळ्यालाही वरच्या बाजूला असंच तोंड असे.

हे पटल्यावर मी घाई केली. घरात जुन्या टीपॉयची जाड काच पडली होती. मापात होती म्हणून ती तळाला घेतली, बाजूच्या काचा तिच्या मापानं कापून आणल्या आणि सिलिकॉननं नवी टाकी जोडली. त्या वेळी भोक तळाला पाडावं असा माझा बेत होता. टाकी पालथी घातली, ड्रिल लावलं. अर्ध्या मिनिटात पिस्तुलाच्या बारासारखा आवाज झाला आणि तळाची काच होती तिथं वाटाण्याएवढ्या तुकड्यांचा ढीग झाला. हाताला नुसतं खरचटलं. डोळ्यावर कारखान्याचा गॉगल होता, म्हणून आज तुमच्याशी हसत बोलतो आहे.

ती टफन काच होती. साधी काच सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्या दोन्ही अंगांवर एकदम थंड हवेचा झोत सोडतात. वरचा थर आधी आवळतो आणि घट्ट होतो. आतला भाग मागाहून आकसू पाहतो, पण वरचा थर त्याला आकसू देत नाही. म्हणजे बाहेरून दाब आणि आतून ताण, अशा कुस्तीत ती काच जन्मभर उभी असते. म्हणून ती मार सहन करते, पण वरचा थर भेदून आतल्या ताणापर्यंत पोचलात की सगळी एकदम फुटते. सतराव्या शतकात युरोपात वितळलेल्या काचेचे थेंब पाण्यात सोडून गंमत करत. रूपर्टचे थेंब म्हणत त्यांना. डोक्याकडून हातोडी मारली तरी टिकायचे, शेपटी मोडली की पूर्ण थेंबाची भुकटी. माझ्या टीपॉयचं तेच झालं. टफन काचेला एकदा ती टफन झाल्यावर भोक पाडता येत नाही, कापताही येत नाही. भोक हवं असेल तर ते आधी पाडून मग काच भट्टीत पाठवतात.

मग काच ओळखायची कशी? कोपऱ्यात कधीकधी बारीक शिक्का असतो, पण असेलच असं नाही. आज एक सोपी परीक्षा घरात होते. संगणकाचा एलसीडी पडदा पांढरा करा. पोलराइज्ड गॉगल डोळ्याला लावून मान तिरकी करत पडदा काळा दिसेपर्यंत फिरा. आता मध्ये काच धरा. साधी काच असेल तर पडदा काळाच राहतो. टफन असेल तर काचेत ढगांसारखे उजळ डाग किंवा पट्टे दिसतात. तो आतला ताण तुम्हाला दिसत असतो. मुलं ही परीक्षा पुन्हा पुन्हा करून बघतात, एवढी ती मजेची आहे. बाजारात मापानं बनवून मिळणाऱ्या टाक्या बहुधा साध्या फ्लोट काचेच्या असतात. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगवून पसरायची आणि सावकाश थंड करायची ही रीत इंग्लंडात पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये जगापुढं आणली. आमच्या रायगडातही तळोज्याला नव्वदच्या दशकात अशी काच बनू लागली. सावकाश थंड झालेली ही काच आतून शांत असते. भोक पाडायचं ते हिलाच.

मला भोक पाडायला शिकवलं ते खोपोलीच्या एका काचवाल्यानं. शिक्षण चौथीपर्यंत, पण काचेवर बोट फिरवून जाडी सांगणारा माणूस. त्यांची रीत जुनी होती. तांब्याच्या पाइपाचा तुकडा ड्रिलला लावायचा, काचेवर पाण्यात कालवलेली कार्बोरंडमची पूड टाकायची आणि पाइप फिरवायचा. तांबं मऊ असतं, त्यात पुडीचे कण रुततात आणि तेच काच खातात. पाइप नुसता त्यांना फिरवतो. गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मिळते, तिच्यातही बहुधा हीच पूड असते. एका भोकाला अर्धा तास लागायचा. ते मध्येच चहा पिऊन येत. "काच कापत नाहीत साहेब, झिजवतात," असं म्हणत. मला ड्रिल दाबायची सवय होती, कारखान्यात लोखंडावर तसंच करतात. ती सवय मोडायला त्यांनी मला तीन रद्दी काचा फोडू दिल्या.

आता डायमंडचं होल सॉ मिळतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत हवं त्या मापाचं असतं. पोकळ डब्यासारखं पातं, त्याच्या कडेवर हिऱ्याची बारीक पूड बसवलेली. दात नसतात. हेही झिजवतंच, फक्त लवकर.

टाकी रिकामी हवी आणि भोकाची काच आडवी, खाली थर्माकोल किंवा जाड चादर. भोकाची कड काचेच्या कडेपासून निदान भोकाच्या व्यासाएवढी लांब ठेवा. काचेच्या मागच्या बाजूला रुंद चिकटपट्टी लावा, म्हणजे शेवटी कपचे उडत नाहीत. भोकाभोवती कणकेचं आळं करायचं आणि त्यात पाणी भरायचं. हो, पोळ्यांची कणीक. पाण्याला अडवायला तिच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पाणी लागतंच, कारण काच उष्णता पसरू देत नाही. घासण्यानं एक जागा तापली की ती फुगते, शेजारची थंडच असते आणि तडा जातो. दुसरं म्हणजे काचेची कोरडी धूळ छातीत जाणं वाईट. ओली असली की ती पांढऱ्या चिखलासारखी तिथंच राहते.

होल सॉ गुळगुळीत काचेवर घसरतं. म्हणून प्लायवुडच्या तुकड्याला आधी त्याच मापाचं भोक पाडून तो काचेला चिकटवायचा आणि त्यातून सुरुवात करायची. गोल खाच पडली की तुकडा काढून कणकेचं आळं घालायचं. वेग कमी. पंचेचाळीस मिलिमीटरच्या होल सॉला मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे पुरतात. दाब द्यायचा नाही, ड्रिलचं स्वतःचं वजन पुष्कळ होतं. दहा मिलिमीटर जाडीला दहा-बारा मिनिटं लागू देत. मधून मधून ड्रिल उचलून पाणी आत शिरू द्यायचं. आवाज बदलला, जरासा पोकळ झाला, की समजायचं आता कागदाएवढी काच उरली. इथं वजनसुद्धा हातात तोलून धरायचं. बहुतेक काचा इथंच फुटतात, कारण माणसाला वाटतं झालंच आता. वरून पाणी आणि हातात वीज, हा मेळ जिवावरचा आहे, तेव्हा बॅटरीवर चालणारं ड्रिल घ्या. ते नसेल तर ज्या सर्किटला ईएलसीबी बसवलेली आहे त्यावरच काम करा आणि पायात रबरी चप्पल ठेवा.

भोकात बसवायचं ते टँक निप्पल. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला असतं तेच. एक इंची निप्पलला एक इंचाचं भोक पाडून हात हलवत परतलेले मी पाहिले आहेत. एक इंच हे आतल्या वाटेचं नाव झालं. आट्यांचा बाहेरचा व्यास त्याहून बराच मोठा असतो. म्हणून आधी निप्पल विकत आणा, मोजा आणि मग होल सॉ घ्या. रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, निप्पलच्या कडीखाली. नट बाहेरून, हातानं, आणि मग पान्यानं फार तर पाव फेरा. पान्यावर जोर काढलात तर इतका वेळ जपलेली काच इथं जाते.

तळाऐवजी मागच्या काचेला वर भोक पाडा असं मी सांगतो, त्याचं कारण साधं आहे. दीड फूट खोल पाण्याच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पंचेचाळीस ग्रॅम दाब असतो. खोपोलीच्या केंद्राशी पाचशे मीटरवरून आलेल्या पाण्याचा दाब असतो पन्नास किलो. त्यापुढं आपली टाकी काहीच नाही. पण गळायचंच झालं, तर वरचं निप्पल दोन इंच पाणी सांडून थांबेल आणि तळाचं निप्पल मासे उघडे पडेपर्यंत थांबणार नाही. जमलं तर शेजारी दुसरं भोकही पाडून ठेवा, जरा वरच्या पातळीवर. पहिल्यात गोगलगाय जाऊन बसली तर दुसरं कामाला येतं. दोन्हींना जाळी हवीच.

तीन वर्षांपूर्वी खालापूरजवळच्या एका ताईंनी मला बोलावलं. घरामागच्या शेडमध्ये गप्पी आणि मोलीची पैदास करायची होती. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत माशांच्या युनिटला महिलांसाठी ६० टक्के अनुदान होतं, ते त्यांना कुणी सांगितलं होतं. दोन फूट बाय एक फुटाच्या बारा टाक्या, खाली दोनशे लिटरचा निळा पिंप, एक पंप. मी बारा भोकं पाडायला दोन रविवार घेतले. सातव्या टाकीची काच फुटली. दुपार झाली होती, भूक लागली होती, शेवटचा कागद उरला असताना हात जड झाला. ताईंनी नवी काच आणवली आणि मला आधी जेवायला बसवलं.

जोडणी झाल्यावर हिशेब केला. अशा टाकीत एक इंच पाणी म्हणजे पावणेपाच लिटर. पंप बंद झाला की प्रत्येक टाकीतलं ओठावरचं इंचभर पाणी खाली येणार. बारा टाक्यांचं मिळून सत्तावन्न लिटर. म्हणून पिंपात पंप चालू असताना ऐंशी लिटर जागा रिकामी ठेवायची, अशी खडूची रेघ मारली. ताई म्हणाल्या, "रेघ ठीक आहे काका, पण मी लाइट घालवून बघते." माझी रेघ त्यांना पुरेशी वाटली नव्हती. त्यांनी मेन स्विच पाडला.

शेडमध्ये एकदम शांतता झाली, मग अकरा टाक्यांतून पाणी टपटपत थांबलं. कोपऱ्यातली बारावी थांबेना. भोकाचा ओठ उघडा पडला होता, तरी पातळी उतरतच होती आणि पिंप काठाकडं चढत होता. ताईंनीच आधी पाहिलं. खालून गेलेल्या पाइपातून प्रत्येक टाकीला पंपाच्या पाण्याचा एक फाटा वर चढवला होता. बाकी टाक्यांत त्याचं तोंड पाण्यात जेमतेम बुडेल एवढंच होतं, या टाकीत मी ते आठ इंच खोल सोडलं होतं. पंप बंद झाल्यावर तोच फाटा वक्रनळी झाला आणि टाकीतलं पाणी उलट ओढू लागला. आठ इंचांचे अडतीस लिटर त्या ऐंशीच्या हिशेबात कुठंच बसत नव्हते. २००७ ची माझी वक्रनळी वेगळ्या वेशात पुन्हा आली होती. मी पाइप वर उचलला, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली तापलेल्या खिळ्यानं त्याला एक बारीक भोक पाडलं, म्हणजे पातळी तिथवर उतरली की हवा शिरून ओढ तुटावी. ताईंनी वीज चालू केली, सगळ्या टाक्या भरू दिल्या आणि पुन्हा स्विच पाडला. यावेळी बाराही थांबल्या. त्या मात्र पिंपापाशी आणखी दहा मिनिटं बॅटरी घेऊन उभ्या होत्या.